अप्पांचे पट्टे वाढले

लातूरच्या आमच्या गोदामात कुणी "पट्टा तुटला" म्हणत आलं, की मन्मथअप्पा त्याला दारातच थांबवत. "तुटला न्हाई, वाढला म्हणा. बाईची बांगडी फुटती का कधी?" गिऱ्हाईक निमूटपणे "वाढला" म्हणे, मगच अप्पा जागचे उठत. डब्यातली भाकरी, पिशवीतली सुपारी, पेनातली शाई, अप्पांचं काहीच आयुष्यात कधी संपलं नाही. सगळं वाढलं.

आमची कंपनी डाळ मिलची यंत्रं दुरुस्त करायची. सुटे भाग कुठल्या गोदामात किती ठेवायचे, ते मी नांदेडला बसून ठरवायचो. एकीकडे माल धूळ खात पडू नये आणि दुसरीकडे मिल अडू नये, एवढंच काम. लातूरचं गोदाम अप्पांकडे. ते फोनवर सांगत, "पट्टे चार हायेत," "दोन हायेत." फळी पार मोकळी व्हायची वेळ मी कधी येऊ दिली नव्हती आणि मला त्याचा अभिमान होता.

तुरीच्या ऐन हंगामात अप्पांचा फोन आला.

"साहेब, मोठे पट्टे वाढले."

"सगळे?"

"हाव, समदे. कायतरी करा."

मी केलं. जास्तीचा माल पडून राहू नये म्हणून लातूरला निघालेली पट्ट्यांची पेटी अडवून नायगावच्या गोदामाकडे वळवली. अप्पांनी पुन्हा फोन केला, तेव्हा म्हणालो, "कळलं अप्पा. काळजी करू नका."

पट्ट्यावाचून लातूरजवळच्या मुरुडची मिल बंद पडली. दारात तुरीच्या गाड्यांची रांग लागली, हमाल पोत्यांवर झोपले आणि मिलवाल्यानं आमचं काम कायमचं काढून घेतलं. आमचे मालक हैदराबादहून थेट लातूरला आले. मलाही बोलावलं. त्यांना मराठी बेताचंच यायचं. रिकाम्या फळीसमोर उभं राहून त्यांनी अप्पांना विचारलं, "वाढले बोले ना तुम? फिर गए किधर?"

"वाढले म्हणून तर न्हाईत, साहेब."

"बेच डाले क्या?"

अप्पांनी एक शब्द उच्चारला असता तर सुटले असते. ते म्हणाले, "गोदामात उभं राहून तसलं बोलत नसतेत. हे साहेब नांदेडचेच हायेत. त्यांना इचारा."

मालक माझ्याकडे वळले. माझी आई बांगड्यांपासून मिठापर्यंत जन्मभर हेच बोलत आली होती. मी म्हणालो, "वाढले म्हणजे जास्त झाले."

शब्दकोशाप्रमाणे मी खरं बोललो. अप्पांना त्याच दिवशी काढलं.

निवृत्त झाल्यावर मी मुरुडला त्यांच्या घरी गेलो. माफी मागायला गेलो होतो. पाऊसपाण्याचं बोलत बसलो. अप्पा आत जाऊन आले.

"साखर वाढलीय, साहेब. गुळाचा च्या चालंल का?" मग माझ्याकडे बघत म्हणाले, "वाढलीय म्हंजे कळतंय न्हवं?"

"कळतंय, अप्पा."

"लई झालं," म्हणाले आणि कप पुढे केला.

अप्पा आता नाहीत. मन्मथअप्पानं पट्टे विकून खाल्ले, असं लातूरचे मिलवाले अजून सांगतात. म्हणून जो शब्द त्यांनी नोकरी गेली तरी तोंडातून काढला नाही, तो मी लिहून ठेवतो. लातूरच्या गोदामातले पट्टे संपले होते.