होळीवर चढलेला पोळपाट

पुरण शिजल्याचा वास आला की बदलापूर गावातली एक होळी आठवते. होळीसाठी लाकडं पळवायची आमच्या आळीची रीतच. मी शेजारच्या काकूंच्या ओट्यावर वाळत ठेवलेला पोळपाट पळवला. काकू शोधत आल्या तेव्हा होळी रचून झाली होती, आणि होळीवर चढलेलं लाकूड आमच्याकडे परत उतरवत नाहीत. ‘‘आता तो होळीबाईचा,’’ म्हणत त्या हसल्या. आईनं मात्र आमचा पोळपाट त्यांना नेऊन दिला. तो परत आला तोवर होळी पेटायची वेळ झाली होती, आमच्या पोळ्या लाटायच्या राहूनच गेल्या. सोबत काकूंच्या चार पुरणपोळ्या होत्या. घरात आम्हीही चौघंच. ‘‘नैवेद्याला एक लागेल,’’ आई म्हणाली, ‘‘ती तुझी.’’ माझ्याच हातानं तिनं ती होळीत टाकायला लावली. आता माझ्याकडे ढीगभर पोळ्या होतात, तरी नैवेद्याची मी माझ्याच ताटातून काढते.