अंड्यांवर कोण बसणार

कोंबड्यांच्या जातींबद्दल बोलायला मला गेली काही वर्षं गावोगाव बोलावतात. महागाव तालुक्यातलं आमचं गाव लहान. कपाशी, सोयाबीन, तूर, यापलीकडे इथं बघायला यावं असं काही नाही. तरी माणसं माझ्या घरामागचं आवार बघायला येत. जाळी लावून चार भाग केले होते. एकात गिरिराज, दुसऱ्यात वनराज, तिसऱ्यात कावेरी, चौथ्यात आपली गावरान. अंडी आणि मांस दोन्ही देणारी कोणती जात आपल्या उन्हात, आपल्या अंगणात परवडते, हे एका नजरेत दिसावं म्हणून. मी दाखवायचो, लोक ऐकायचे. त्या दाखवण्यात मी एक गोष्ट लपवली होती. ती आज लिहितो आहे.

आधी जे खरं सांगत होतो तेवढं सांगतो. गावरान कोंबडा जेवढ्या दिवसांत एका हातात मावण्याइतका होतो, तेवढ्यात गिरिराज काखेत धरावा लागतो. वनराज अंगाने त्याच्याच तोडीचा, पण चालायला जड. घार दिसली की मान वर करून बघत उभा राहतो, आणि तेवढ्यात काम होतं. कावेरी अंड्यांना चांगली, नुसत्या उकिरड्यावर नाही भागत, ओंजळभर ज्वारी घालावी लागते. गावरान काहीच मागत नाही. घारीची सावली पडायच्या आत तुराट्यांच्या ढिगात शिरते, रात्री कडुलिंबावर चढून बसते. पण अंडी मोजकी देते आणि मग खुडूक होते. म्हणजे अंडी देणं बंद, पिसं फुलवून दिवसभर खुराड्यात बसून राहायचं, हात घातला तर टोचायचं. तिला अंडी उबवायची असतात.

मी लपवलं ते इथंच आहे. गिरिराज, वनराज, कावेरी, या खुडूक होत नाहीत. त्यांना घडवलंच तसं आहे. जी बसून राहील ती अंडी कधी देणार? त्यामुळे पिल्लं हवी असतील तर दरवेळी विकत आणायची, नाहीतर उबवणीचं यंत्र हवं. आणि घरच्या अंड्यांतून निघालेली पिल्लं आईबापासारखी जोमदार होतीलच असंही नाही. हे मला कुक्कुटपालनाच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं. डोळ्यांनीही दिसत होतं. माझ्या आवारात जी रंगीत पिल्लं पळायची, ती बायकोच्या एका म्हाताऱ्या गावरान कोंबडीखाली निघालेली होती. पाहुणे यायचे त्या दिवशी मी तिला कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगामागे टोपलीखाली झाकून ठेवायचो.

एकदा पशुसंवर्धन खात्याच्या एका साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पिल्लं कशी काढता? कोंबडी बसते का?"

मी म्हणालो, "बसते ना साहेब."

बायको चहा घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि कप पुढे केला. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "थे कोंबडी कायले लपवली?"

"गावरान अंड्यांवर बसलेली दिसली की लोक गावरानच ठेवतीन."

"मंग ठेवू द्या ना. तुमचं काय जाते?"

माझं काय जात होतं ते मला माहीत होतं. पन्नाशीला आल्यावर पहिल्यांदा लोक मला काहीतरी विचारत होते. कपाशीतलं मला कोणी कधी विचारलं नाही. कोंबड्यांतलं विचारत होते, आणि मला ते सोडवत नव्हतं.

ओढ्यापलीकडे तांडा आहे. पूर्वी बैलांवर माल लादून देशोदेशी फिरणारी ही माणसं आता आमच्यासारखीच शेतकरी. तिथल्या एका वयस्क बाईला सगळे याडी म्हणतात. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. तांड्यात कोंबड्या पाळायच्या बायकांनी, आणि त्यांची एक रीत होती. ज्या घरची कोंबडी आधी खुडूक होईल, तिच्याखाली शेजारणींनी अंडी आणून ठेवायची. अंड्यावर कोळशाने आपापली खूण करायची. पिल्लं निघाली की अर्धी कोंबडीवालीची, अर्धी अंडीवालीची. पिल्लावर खूण नसते, त्यामुळे भांडण ठरलेलं, आणि ते भांडण वर्षभर पुरायचं. याडी त्यात न्याय द्यायची आणि न्याय देताना सर्वांत दांडगं पिल्लू स्वतःच्या पदराखाली सारायची.

माझं ऐकून त्या बायकांनी गावरान कोंबड्या बाजारात नेऊन विकल्या आणि कावेरी, गिरिराज आणल्या. पहिला हंगाम आनंदात गेला. याडी रस्त्यात भेटली की ओरडायची, "भाऊ, तुह्या कोंबड्या रुसतच नाई गा! रोज अंडा!" मी हसायचो. मग काही मुंगसाने नेल्या, काही मानमोडीच्या रोगात गेल्या, काही पाहुण्यांच्या ताटात. नवी पिल्लं हवी झाली तेव्हा बायकांनी अंडी साठवली आणि वाट बघत बसल्या. एकही कोंबडी खुडूक होईना. याडीने गिरिराजची जाडजूड कोंबडी अंड्यांवर ठेवून वर टोपली पालथी घातली. टोपली उचलली की कोंबडी बाहेर. ती माझ्याकडे विचारायला आली. तेव्हा तरी सांगायचं. मी म्हणालो, "दम धर याडी, बसन." पहिलं खोटं घाईत निघालं होतं. हे दुसरं विचार करून बोललो.

अंडी नासली. पुन्हा ठेवली, पुन्हा नासली. कारण कोणालाच कळेना, तेव्हा कारण शोधलं गेलं. त्याच वर्षी याडीकडे नवी सून आली होती. अंडी गोळा करून खुराड्यात ठेवायचं काम तिचं होतं. कोणीतरी म्हणालं, हिचा हातच वाईट. एवढ्यावर थांबलं नाही. तिने विरजण लावायचं नाही, कोणाच्या बाळंतिणीला भेटायचं नाही, असं होत गेलं. हे मला बायकोकडून कळलं. त्या रात्री जेवलो, झोपलो. सकाळी उठून कोंबड्यांना पाणी पाजलं. ओढा ओलांडला नाही.

यंदा पेरणीला तांड्यातल्या बाया माझ्याच वावरात कपाशी टोबायला आल्या. ओळीने वाकून बी टाकत चालल्या होत्या. ती सून धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, पाण्याची कळशी घेऊन बसलेली. मला वाटलं बरं नसेल. म्हणालो, "पोरगी काहून बसली याडी?"

याडी न वळताच म्हणाली, "तिच्या हातचं बी नोको. तुह्यंच वावर हाय, भाऊ. तुह्यंच नुकसान."

माझ्या वावराच्या काळजीने तिला धुऱ्यावर बसवलं होतं. पुढे काय बोलायचं हे मी ठरवलं नव्हतं. न बोलता परत फिरायचं नाही, एवढं मात्र त्या क्षणी ठरलं.

"तिले बी दे, याडी. अंडे तिच्या हातानं नाई नासले. माह्यानं नासले."

बाया सरळ उभ्या राहिल्या. मी सांगितलं. त्या कोंबड्या बसतच नाहीत, कधीच बसणार नव्हत्या, माझ्या घरची पिल्लं गावरान कोंबडीखालची होती, ती कोंबडी मी लपवत होतो. मागून एक जण म्हणाली, "अगं माय! आम्हीच अंड्याईवर बसलो असतो ना भाऊ, तू सांगतलं असतं त!" दोघी-तिघी हसल्या. याडी हसली नाही.

"तुले मालूम होतं?"

"होतं."

"मी थ्या कोंबडीले टोपलीखाली कोंडू कोंडू थकली, तवा?"

"तवाबी."

याडीने कमरेची बियांची ओटी सोडली, धुऱ्यावर जाऊन सुनेच्या हातात दिली आणि तिथूनच मला म्हणाली, "हे वावरात नोको सांगू. तांड्यात ये. माणसाईसमोर सांग. हिच्या नवऱ्यासमोर सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. बायको न विचारता सोबत निघाली. तिच्या काखेत टोपली होती आणि टोपलीत खुडूक झालेली गावरान कोंबडी. तांड्याचा प्रमुख असतो त्या नायकाच्या ओट्यासमोर माणसं जमली होती. मी पुन्हा सगळं सांगितलं. एकजण म्हणाला, "तुमच्या भाषणाले आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, माहीत हाय ना?" दुसरा म्हणाला, "आता कोनती नवी जात विकाले आनली?" ते बरोबर बोलत होते. त्या सुनेचा नवरा खाली मान घालून ऐकत होता. मी त्याचं नाव घेऊन म्हणालो, तुझ्या बायकोचा यात काडीचा संबंध नाही.

मग जे आधीच सांगायला हवं होतं ते सांगितलं. प्रत्येक घरात दोन-तीन गावरान कोंबड्या ठेवा, बसायला. त्यांच्यात कावेरीचा कोंबडा सोडा. निघालेल्या पिल्लांचं अंग थोडं भरतं, आणि त्यातल्या काही माद्या आईसारख्या खुडूक होतात. अंडी जास्त हवीत तर कावेरी वेगळी पाळा, तिची पिल्लं विकतच आणावी लागतील हे धरून चला. गिरिराज-वनराज सणावाराला विकायला ठीक, पण घार आणि मुंगूस असलेल्या उघड्या आवारात नको. लस सगळ्यांनाच द्या, मानमोडी जात बघत नाही.

याडी म्हणाली, "बरं. कोंबडी त आनली तुह्या बायकोनं. अंडे ठेवू आता." आणि सुनेला हाक मारली.

यातली चार अंडी नासली तर पुन्हा तिच्याच हातावर येईल. मी पुढे होऊन म्हणालो, "अंडे मी ठेवतो."

बायका खो खो हसल्या. पुरुषाने खुराड्यात अंडी ठेवलेली तांड्यात कोणी पाहिली नव्हती. पण सून पुढे आली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"नाई काका. मीच ठेवते. पन एक सांगा. चांगल्या कोंबडीखालचेबी सारे अंडे निघते का?"

"नाई निघत. काही वांझ रायते, काही नासते. कोनीबी ठेवले तरी."

"मोठ्यानं सांगा. सारे ऐकून राह्यले."

मी मोठ्याने सांगितलं. तिच्या सासूकडे बघून पुन्हा एकदा सांगितलं. मग ती बसली आणि एकेक अंडं कोंबडीखाली सरकवू लागली. कोंबडी टोचत होती, तिने हात मागे घेतला नाही.

त्यानंतर मी त्या साहेबांना फोन करून, कोंबडी बसते हे माझं वाक्य खोटं होतं असं कळवलं. ते म्हणाले, "आता कशाला हे?" आवारातल्या जाळ्या मी काढल्या नाहीत, पण पाहुण्यांना आधी चौथ्या भागात, गावरानकडे नेतो. ज्या ज्या गावी ते वाक्य बोललो होतो, तिथं जातो आहे. काही ठिकाणी बसायलाही सांगत नाहीत. जातो तरी.

तांड्यात पिल्लं निघाली त्या दिवशी बायकोला बोलावणं आलं, मीही गेलो. बरीच निघाली होती, काही नव्हती निघाली. सुनेने न निघालेली अंडी सुपात गोळा केली, डोक्यावर पदर नीट केला आणि घराघरांसमोरून, भर दुपारी, उकिरड्याकडे चालत गेली. दारात बसलेल्या बायकांनी सुपाकडे बघितलं आणि पुन्हा आपापल्या कामाला लागल्या.