पी थनपारीच्या डब्यातले खडे

थनपारी पहिल्यापासूनच फटकळ. ऐझॉलच्या पलीकडे, डोंगरधारेवरच्या त्या गावात तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. पाळकसुद्धा तिच्या दारावरून जाताना पावलं जरा भरभर टाकायचे. पण भाताला तांदूळ काढले की त्यातली एक मूठ देवाच्या डब्यात टाकायची, हा गावातल्या प्रत्येक चुलीचा रिवाज तिने तीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. उंदरांनी शेत फस्त केलं त्या वर्षी घरात कंदच शिजायचे, तर तिने कंदाचे काप डब्यात टाकले होते.

फेब्रुवारीत डोंगरावर शेतासाठी झाडं तोडताना तिचा एकुलता एक मुलगा रेमा कोसळत्या झाडाखाली सापडून गेला. गावाने रीतीला काही कमी केलं नाही. पोरांनी खड्डा खणला, आठवडाभर माणसं तिच्या घरी बसून गायली. तेवढं तिने सोसलं. पण पुढच्याच आठवड्यात, चर्चमधल्या बायकांच्या सभेत तिची शेजारीण रोकुंगी डोळे मिटून मोठ्याने प्रार्थनेला लागली, “प्रभू, ज्या घरातली जीभ आवरत नाही, त्या घराला तू आवरतोस. आम्हाला यातून शहाणपण दे.” नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती.

थनपारी प्रार्थना चालू असतानाच उठली आणि घरी गेली. त्या दिवसापासून तिने चर्च सोडलं, डब्यात मूठ टाकणं सोडलं, आणि देवाशी अबोला धरला. रविवारी चर्चमध्ये ढोल वाजू लागला की ही ओसरीवर उखळ घेऊन बसायची आणि मुद्दाम ताल चुकवून मका कांडायची. त्यातच, रेमा जन्मल्यापासून जिला सगळे ‘रेमाची आई’ म्हणत, तिला आता लोक जपून ‘पी थनपारी’, म्हणजे थनपारीबाई, म्हणू लागले. त्यांना वाटे आपण दया करतोय. तिला तर पोर दुसऱ्यांदा पुरल्यासारखं वाटे.

दर शनिवारी रोकुंगी पाठीवर टोपली घेऊन देवाचे तांदूळ गोळा करायला यायची. थनपारी म्हणायची, “देवाला सांग, घरी कुणी नाही.” पण ही मोठी चिवट. दारात उभी राहून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सुस्कारे टाकायची. शेवटी ऑगस्टमध्ये थनपारीने ओढ्यातले तांदळाएवढे पांढरे खडे वेचून डबा भरला, वर दोन मुठी तांदूळ पसरले आणि स्वतःच्या हाताने तिच्या टोपलीत ओतले. रोकुंगीने चर्चमध्ये सांगितलं की हरवलेलं मेंढरू परत आलं. ते कानावर आल्यावर थनपारी कितीतरी महिन्यांनी हसली, आणि स्वतःचं ते हसणं तिला आवडलं नाही.

त्याच महिन्यात डोंगर खचला. रस्ता बंद, तांदळाचा ट्रक बंद. चर्चने जमवलेले तांदूळ घरोघर वाटले. थनपारी घ्यायला गेली नाही, कणगीच्या तळाशी होतं त्यावर भागवू लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी रोकुंगी तांदळाची थाळी घेऊन तिच्या चुलीशी येऊन उभी राहिली.

“हे खडे तुझे.”

“माझेच.”

“सासूचा दात पडला. एकच उरला होता.”

“झाड तर नाही ना पडलं तिच्यावर?”

रोकुंगीने थाळी जमिनीवर आदळली. तांदूळ चुलीपर्यंत उडाले. “रेमाची आई,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला, “माझा पोरगा दिका त्याच झाडाखाली होता. पाणी प्यायला म्हणून चार पावलं बाजूला गेला. तुझ्या घरात पाप नसेल, तर मग उद्या माझ्याही घरावर झाड पडेल. म्हणून मला तुझं पाप हवं होतं.”

थनपारीचा हात तिच्या थोबाडीत मारायला उठला होता. पण सहा महिन्यांनी कुणीतरी तिला त्या नावाने हाक मारली होती, तीही याच बाईने. तिने सूप ओढलं आणि म्हणाली, “बस. खडे माझे, तांदूळ गावाचे.”

दोघी दुपारपर्यंत निवडत बसल्या. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिलीही नाही. रोकुंगी निवडलेले तांदूळ घेऊन चहा न पिताच गेली. त्या गावात चहा नाकारणं म्हणजे उघड भांडण.

मग थनपारीने कणगीतून स्वतःपुरते तांदूळ काढले. सवयीने हात परत आत गेला आणि मूठ भरून बाहेर आला. ती तशीच देवाच्या डब्यासमोर उभी राहिली.

“रेमाला का नेलंस ते तू सांगितलेलं नाहीस,” ती देवाला म्हणाली. “मी विचारायची थांबणार नाही. तोवर ही मूठ घे, आणि म्हातारीला मऊ भात मिळू दे.”

रिकाम्या डब्यात तांदूळ खडखडले. तिने झाकण लावलं आणि चूल फुंकायला बसली.