एकटीने नऊ विहार

लमायमावशीने नवस बोलताना शेजारी बघितलं, तिथेच घोटाळा झाला.

एप्रिल महिना होता. थायलंडमधल्या मेक्लोंग गावच्या एकवीस वर्षांच्या पोरांची सैन्यभरती दुसऱ्या दिवशी होती. डब्यात हात घालायचा. लाल चिठ्ठी आली तर पोरगं दोन वर्षं फौजेत, काळी आली तर दुपारच्या जेवणाला घरी. त्यामुळे आदल्या संध्याकाळी गावातल्या झाडून साऱ्या आया विहारात थोरल्या बाबांच्या, म्हणजे तिथल्या बुद्धाच्या, मूर्तीपुढे गुडघे टेकून बसल्या होत्या. नवस मोठ्याने बोलायचा, आणि नाव, घर नंबर, गल्ली सगळं नीट सांगून बोलायचा. पत्ता चुकला आणि काळी चिठ्ठी भलत्याच पोराच्या हातात गेली तर काय घ्या!

मावशी घरून शंभर उकडलेली अंडी ठरवून आली होती. पण तिच्याआधी भाजीवाली वन्ना बोलली, ती एकदम दोनशे. आणि बोलून झाल्यावर तिने मावशीकडे हळूच एक नजर टाकली.

आता दोनशेच्या खाली येणं म्हणजे मावशीचा पोरगा बॉल वन्नाच्या पोरापेक्षा स्वस्तातला ठरणार. अडीचशे म्हणावं, तर एवढी अंडी उकडायची कोणी? मावशीने डोळे मिटले आणि म्हणाली, "माझ्या पोराला काळी चिठ्ठी येऊ दे बाबा, मी बँकॉकचे नऊ विहार करीन."

कोणाला काही वाटलं नाही. दर रविवारी व्हॅन भरभरून लोक नऊ विहार करतात, वर जेवणही मिळतं.

"एका दिवसात," मावशी म्हणाली.

मागून कोणीतरी नुसतं "हं" केलं.

"एकटी!"

आता मात्र साऱ्या आयांनी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. मावशीनेही डोळे उघडले, कारण हे आपण बोललो यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी बॉलला काळी चिठ्ठी आली. वन्नाच्या पोरालाही आली. वन्नाने दुपारी अंडी उकडली, संध्याकाळी वाहिली, रात्री शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटली आणि मोकळी झाली. मावशीला तिने सहा अंडी आणून दिली आणि म्हणाली, "प्रवासात उपयोगी पडतील गं. एकटीच आहेस ना."

एकटी या शब्दाशी मावशीचा तसा काही संबंध नव्हता. नऊ भावंडांत ती सातवी. लहानपणी एका मच्छरदाणीत पाच जणी झोपायच्या, आणि कडेला झोपणारीलाच डास चावायचे म्हणून मधल्या जागेसाठी भांडणं व्हायची. लग्न झालं ते थेट बाजारात. सासू मासे धुवायची, नवरा भट्टी पेटवायचा, नणंद उराय गिऱ्हाइकांशी भांडायची आणि मावशी बांगड्यांच्या माना मोडायची. वेताच्या छोट्या गोल टोपलीत बांगडा सरळ मावत नाही. त्याची मान खाली मोडून वळवायची, मग तो शहाण्यासारखा बसतो आणि तसाच उकडतो. चौतीस वर्षं मावशी हेच करत होती. सासू गेली, नवराही गेला, पण उराय होतीच. मावशी संडासात गेली तरी उराय दाराबाहेर उभी राहून कालच्या गोष्टीचा उरलेला भाग सांगायची.

नवसाचा अर्थ काय लावायचा यावर बाजारात तीन दिवस खल झाला. एकटी म्हणजे फोन चालेल का? चालेल. वाट विचारली तर? विचारावी, पण सांगणाऱ्याला बरोबर येऊ देऊ नये. उराय म्हणाली, "मी दहा पावलं मागून चालेन, ओळखच दाखवणार नाही."

"वन्सं," मावशी म्हणाली, "तुम्ही दहा पावलं गप्प चालू शकाल का?"

उराय दोन दिवस रुसली. पण तिसऱ्या दिवशी तिनेच चिकट भात आणि तळलेला मासा केळीच्या पानात बांधून दिला.

बॉलने फोनवर बघून नऊ नावांची यादी केली, जवळ जवळची ठिकाणं एकापुढे एक लावून. वर लिहिलं, ‘आई, चालत जा, फेरीबोटीने जा, टॅक्सीत बसू नकोस.’ टॅक्सीची काळजी त्याने करायला नको होती. मावशी व्हॅनलासुद्धा महाग म्हणाली आणि सकाळच्या पहिल्या गाडीत जाऊन बसली.

ही गाडी त्यांच्या बाजारातूनच जाते. भोंगा वाजला की दुकानांची छपरं आत ओढायची, टोपल्या रुळांवरून मागे घ्यायच्या, हे मावशीने हजारो वेळा केलं होतं. पण खिडकीतून आपलं दुकान बघण्याची तिची ही पहिलीच वेळ. दुकान तिला फारच लहान वाटलं. उरायने टोपल्याही चुकीच्या लावल्या होत्या.

"मावशी, हरवलीस तर रडू नकोस!" कोळंबीवाला ओरडला. "पोलिसाला नाव, घर नंबर, गल्ली, सगळं सांग!"

"आधी तुझं छप्पर ओढ, मेल्या!"

एक गाडी, मग नदीवरची होडी, मग दुसरी गाडी असं करत मावशी बँकॉकला उतरली तेव्हा दहा वाजत आले होते. पहिल्या विहारात तळं होतं आणि तळ्यात कासवं होती. मावशीने वन्नाची दोन अंडी तिथल्या बाकावर बसून खाल्ली. वन्नाच्या नवसाचा आपल्याला उपयोग व्हावा, यात तिला जरा मजाच वाटली. दुसऱ्या विहारातली मूर्ती एवढी मोठी होती की तिचं तोंड बघताना मावशीची मान दुखली. तिसऱ्याच्या पायऱ्या उभ्या होत्या, चढताना हातही टेकावे लागले. मग फेरीबोटीने नदी ओलांडून चौथा. तिथे बुद्ध निजलेले आहेत. बाराच्या उन्हात एवढं निवांत पडलेलं कोणी बघून मावशीलाही तिथेच आडवं व्हावंसं वाटलं.

प्रत्येक ठिकाणी ती तीन उदबत्त्या लावायची, सोन्याचा वर्ख चिकटवायची आणि पुटपुटायची, "लमाय, घर नंबर सत्तेचाळीस, मेक्लोंग. बॉलच्या चिठ्ठीचा नवस. हा दुसरा." मग तिसरा, मग चौथा. मग यादीवर पेनाने फुली.

पाचव्या, राजवाड्यातल्या विहारापाशी परदेशी लोकांची ही मोठी रांग, तिकिटाला पाचशे बाट. मावशीने ओळखपत्र दाखवलं आणि फुकट आत गेली. आत गेल्यावर तिने रांगेकडे मागे वळून एकदा नीट बघून घेतलं. असा मान रोज मिळत नाही.

तिथून बाहेर पडल्यावर समोरच नगरस्तंभ. त्याला फुलं वाहिली, फुली मारली. सहावा. आणि सातव्याकडे जाताना एक गंमत झाली. कोपऱ्यावर मावशीला डावीकडची गल्ली सावलीची दिसली, म्हणून ती डावीकडे वळली. झालं एवढंच. पण दहा पावलांवर ती थबकली, कारण कोणीच "अगं, इकडे कुठे?" म्हणालं नव्हतं. तिने सवयीने मागे बघितलं. मागे एक मांजर होतं, आणि त्याचं काही म्हणणं नव्हतं. मावशी पुढे चालू लागली. गल्लीत कोणी पितळी मूर्ती घासत होतं, कोणी भिक्षूंची चिवरं विकत होतं. एका दुकानापुढे तिने बर्फ घातलेल्या गोड गुलाबी सरबताचा पेला घेतला. उरायने बघितला असता तर साखरेवर व्याख्यान दिलं असतं. मावशीने तो संपवला आणि बर्फही चावून खाल्ला.

सातवा झाला, आठवा झाला. नववा विहार टेकडीवरचा. तीनशेवर पायऱ्या. वाटेत लटकवलेल्या घंटा वाजवत वाजवत ती वर पोहोचली तेव्हा पाच वाजायला आले होते. वर वारा होता, सगळं शहर खाली पसरलं होतं. मावशीने उदबत्त्या लावल्या, हात जोडले, शेवटची फुली मारली आणि कठड्याला टेकून पाय पसरले. झालं! नवस फिटला!

शेजारी एक जाडगेली बाई पंख्याने वारा घेत बसली होती. एकसारखे पिवळे शर्ट घातलेला तिचा गट फोटो काढत होता.

"ताई, कुठल्या तुम्ही?"

"मेक्लोंग."

"मी राचबुरीची, निपा. आमची नऊ विहारांची व्हॅन आहे. तुमची?"

"व्हॅन नाही. एकटीच आलेय. नवस होता."

"एकट्या? अगं बाई! आणि नऊही झाले? बघू यादी." निपाने यादी घेतली, चष्मा लावला आणि बोट फिरवत खाली आली. सहाव्यावर बोट थांबलं. "हा नगरस्तंभ कशाला मोजला?"

"म्हणजे?"

"तो विहार नाही ना. ना भिक्षू, ना बुद्ध. तो नगरदेवतेचा खांब. नुसतं दर्शनाला जाणारे लोक मोजतात खरे. पण तुम्ही नवसात काय बोललात? नऊ ठिकाणं, का नऊ विहार?"

मावशीने आठवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. अख्ख्या बाजाराला पाठ होतं ते. नऊ विहार.

"मग आठच झाले हो," निपा म्हणाली. तिला वाईट वाटलेलं दिसत होतं, पण चूक सापडल्याचा आनंदही अगदीच लपत नव्हता.

बॉल! मावशीने मनातल्या मनात पोराच्या सात पिढ्या काढल्या, मग त्यातली एक आपलीच आहे हे लक्षात येऊन थांबली. नवस अर्धवट राहिला तर काय होतं, हे तिला माहीत होतं. गल्लीतल्या एका बाईने अंडी कमी वाहिली तर तिचा पोरगा मोटरसायकलवरून पडला होता. आणि दिवस आजचाच होता. ‘एका दिवसात’ हेही ती बोलून बसली होती.

"घाबरू नका," निपा म्हणाली. "आमच्या व्हॅनमध्ये चला. पाच मिनिटांत एका विहारात सोडते. एसी आहे, चहा आहे."

मावशीचे पाय त्या क्षणी एसीला हो म्हणत होते. पण तोंड म्हणालं, "मी एकटी बोललेय."

"मागच्या सीटवर एकट्याच बसा की!"

"बाबांना पत्ता माहितेय माझा," मावशी म्हणाली आणि उठली.

उतरताना घंटा वाजवायला वेळ नव्हता. खाली कालव्यापलीकडच्या विहाराचं फाटक लागलं होतं. पहारेकरी म्हणाला, "पाच वाजले आजी, उद्या या."

"आजी कोणाला म्हणतोस? मावशी म्हण," असं म्हणत ती पुढे निघाली. दुसऱ्या विहाराचं अंगण उघडं होतं, पण मुख्य मंदिराला कुलूप. अंगणात हात जोडलेले चालतात का? मावशीने घटकाभर विचार केला. निपासारखी कोणीतरी पुन्हा कुठेतरी भेटणार, हे तिला दिसू लागलं. अंगण नको.

तिने फुलवाल्या म्हातारीला विचारलं. म्हातारीने हाताने दाखवलं, "त्या लाकडाच्या वखारीमागून जा. लहानसा आहे, कोणी जात नाही तिथे. चल, दाखवते."

"नको नको! तुम्ही बसा!" मावशी एवढ्या जोरात ओरडली की म्हातारी खरंच बसली.

वखारीमागे भिंतीला भिंत लावून एक जुना विहार होता. दोरीवर चिवरं वाळत होती, झाडाखाली कुत्री झोपली होती. झाडूवाला म्हणाला, "बंद झालं, बाई." मावशीला एकदम रडूच आलं. दिवसभरात एकदाही आलं नव्हतं. तेवढ्यात पाच-सहा भिक्षू एकामागून एक मंदिराकडे जाताना दिसले. सगळ्यात मागचे भन्ते म्हातारे होते. त्यांनी मावशीकडे बघितलं, तिच्या हातातल्या चुरगळलेल्या यादीकडे बघितलं.

"कितवा?" त्यांनी विचारलं.

"नववा, भन्ते."

"संध्याकाळची वंदना आहे. मागे बसा."

आत पंख्याची घरघर होती आणि जुन्या मेणाचा वास. वंदना सुरू झाली. मावशीला ती लहानपणापासून पाठ होती. ओठ आपोआप हलू लागले. भिक्षूंचा आवाज जमिनीतून वर आल्यासारखा वाटत होता. आठ विहारांत तिने धावतपळत पत्ता सांगितला होता. इथे बोलायला मधे जागाच नव्हती, म्हणून ती नुसती बसली. बांगडे नाहीत, गिऱ्हाईक नाही, गाडीचा भोंगा नाही. शेवटी भन्त्यांनी पंचशील दिलं. चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, सगळं मावशीने मागून म्हटलं. मग कपाळ तीनदा जमिनीला टेकवलं. तिसऱ्या वेळी ते उचलायला तिने जरा उशीर लावला.

बाहेर आल्यावर भन्ते म्हणाले, "लांबून आलात. बरोबर कोण आहे?"

"कोणीच नाही," मावशी म्हणाली, आणि आपण हे किती ठसक्यात बोललो ते ऐकून स्वतःच लाजली.

यादीवर नगरस्तंभापुढची फुली खोडून तिने खाली या विहाराचं नाव लिहिलं आणि फुली मारली. आता अक्षरशः नऊ. तेवढ्यात फोन वाजला. उराय.

"झाले का गं नऊ?"

"झाले."

"अगं बाई, झाले! ए, झाले रे हिचे!" पलीकडे बाजारात एकच गलका झाला. वन्नाचाही आवाज आला. "मग आता साडेसहाची व्हॅन धर. पावणेआठला इथे पोहोचशील. मी भात ठेवते."

मावशीने समोर बघितलं. कालव्यावर पिवळं ऊन पडलं होतं. पलीकडे एक माणूस पावात नारळाचं आइस्क्रीम भरून वर शेंगदाणे घालत होता.

"साडेसहाची नको," ती म्हणाली. "आठची धरते."

"का? काय राहिलंय आता?"

पाय दुखतात म्हणावं, रस्ता जाम आहे म्हणावं, बरंच काही सुचत होतं. पण खोटं बोलणार नाही असं म्हणून तिला दहा मिनिटंही झाली नव्हती.

"काहीच नाही राहिलं, वन्सं," मावशी म्हणाली. "उगीच."

चौतीस वर्षांत उरायने असं उत्तर ऐकलं नव्हतं. "बरी आहेस ना?" तिने विचारलं.

"अगदी बरी आहे. तुम्ही जेवून घ्या."

फोन बंद करून मावशी पूल ओलांडून गेली. आइस्क्रीमवाल्याने विचारलं, "एक की दोन?"

"एक," मावशी म्हणाली. "शेंगदाणे जास्त घाल."

आणि स्टूल ओढून ती कालव्याकडे तोंड करून बसली.