कनकाक्काची तिथी

चेन्नईत वेस्ट मांबलममधल्या तंजावरी मराठी मंडळींत माधवरावांचा फोन आला की माणूस आधी हात जोडतो, मग उचलतो. पोर्टातली कारकुनी सुटून बारा वर्षं झाली, पण गडी रिकामा बसला नाही. साठ घरांतल्या गेलेल्यांच्या तिथ्या त्यांच्याकडं. श्राद्धाच्या आठ दिवस आधी फोन जायचा म्हणजे जायचा.

पूर्वी यादी वहीत होती. वहीला वाळवी लागली तेव्हा पेरुंगुडीत नोकरी करणाऱ्या साताऱ्याकडच्या स्वरदानं मंडळाच्या कपाटावर एक जुना कॉम्प्युटर बसवून दिला. यादी परक्या कंपनीच्या दारात कशाला, आपलं आपल्या घरात राहू दे, म्हणाली. तेव्हापासून यादी त्यावर, आणि मंडळाचे चौघं ती घरबसल्या उघडतात.

मंगळवारी माधवरावांनी नारायणस्वामींना कळवलं, वडिलांची तिथी आठवड्यावर आली.

"माधवराव, बाबांचं आम्ही चैत्रात करतो. मार्गशीर्षात त्यांना परत कशाला मारता?"

माधवरावांनी यादी उघडली आणि चूक कळली. तीन आठवड्यांमागं त्यांनीच नावं अकारविल्हे लावली होती. कारकुनाचा हात, राहवलं नाही. नावं हलली, तिथ्या जागच्या जागी राहिल्या. साठ घरांचे मेलेले एकमेकांत मिसळले. बाकीच्यांना आपापलं आठवत होतं, कनकाक्काला नाही. ऐंशीच्या पुढची एकटी बाई. नवऱ्याची तिथी माधवरावांच्या हवाली करून ती विसरून मोकळी झाली होती. तिथी उद्या असेल, नाहीतर कालच होऊन गेली असेल.

संध्याकाळी स्वरदा आली.

"काका, जीव टांगू नका. सेव्ह केलं की ह्ये मशीन आधीची प्रत बाजूला ठेवतंय."

फाइलच्या कडेची पट्टी उघडली तशी तारखांची उतरंडच दिसली. पोरीनं घाई केली नाही. मधल्या दिवसांत भरलेली दोन नवी नावं आधी कागदावर उतरवून घेतली, कारण जुनी प्रत आली की ती दिसेनाशी होणार. मग नावं हलण्याआधीची तारीख पाहून ती प्रत परत आणायचं बटण दाबलं आणि दोन्ही नावं पुन्हा भरली.

कनकाक्काच्या नावापुढं, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. परवा.

माधवरावांनी उभ्याउभ्याच फोन लावला. आठ दिवस आधी सांगणारा आज इतका उशिरा कसा, एवढंच म्हातारीनं विचारलं, आणि केळीची पानं आणायला सांगून फोन ठेवला.

जुन्या प्रती मशीन हळूहळू गाळतं, स्वरदा सांगत होती, पण नाव दिलेली प्रत राखून ठेवतं. ह्या प्रतीला काय नाव द्यायचं?

"तुझंच दे," माधवराव म्हणाले. "माझ्यामागं कुणी असाच हात घातला, तर हाक कुणाला मारायची ते कळेल."