शेठजींच्या काचेतला समुद्र

माझं शुद्धलेखन चुकेल आणि अक्षर तर वाकडंच आहे, त्याची माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही कोणी वाचणार नाही हे माहीत असूनही आधी माफीच लिहिली गेली. तोंड उघडलं की माझ्या तोंडून पहिल्यांदा तीच निघते.

गोंदियात मी एका तांदळाच्या व्यापाऱ्याच्या घरी झाडूपोछा करते. या शेठजींना समोरच्या खोलीत समुद्र हवा होता. इटियाडोह धरणाच्या पाण्यावर पिकलेल्या धानातून बंगला उभा राहिला, पण आता गोडं पाणी त्यांना हलकं वाटू लागलं. नागपूरहून एक माणूस आला. त्यानं काचेची मोठी टाकी बसवली, मीठ तोलून पाण्यात घातलं आणि त्यात मासे व जिवंत पोवळी सोडली. शेठजींच्या अंगठीतही पोवळं आहे, मंगळासाठी. तो नुसता खडा. टाकीतली पोवळी मात्र बसल्या जागी बारीक बोटं हलवायची. आमच्या गावी जंगलातून सरपणाचा भारा आणला तरी गार्ड हटकतो. इथे समुद्राचा तुकडा येऊन बसला, कोणी कागद विचारला नाही.

पाहुणा आला की शेठजी त्याला टाकीपुढे उभा करत. "पूरे जिले में एक ही है." सगळे माना डोलवत. एका म्हाताऱ्यानं तेवढं विचारलं, "याची भाजी होते का जी?" त्या खोलीत मी ऐकलेला तो एकच शहाणा प्रश्न.

मग श्रावणात पावसाची झड लागली. पोवळी जरा आखडल्यासारखी दिसली. शेठजी मूळचे शेतकऱ्याच्या घरचे. धान पिवळं पडलं की बांधीतलं, म्हणजे धानाच्या वाफ्यातलं, जुनं पाणी काढून नवं पाणी देतात, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी तेच केलं. अर्धी टाकी माझ्याकडून बादल्यांनी उपसून घेतली आणि गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा पाइप खिडकीतून आत घेऊन स्वतः टाकीत धरला. "बारिश का पानी, अमृत है!" मलाही ते बरोबरच वाटलं. आमच्या घरीही धानाला हेच करत.

पोवळी फुगली, त्यांना शेंबडासारखा चिकट पदार्थ सुटला. मग ती पांढरी पडली, खोलीभर वास सुटला. शेठजींच्या बायकोनं, म्हणजे भाभीजींनी, माझ्याकडे बोट दाखवलं. "पोछ्याचं फिनाईल लागलेला हात बुडवला असशील."

"चुकलं जी," मी म्हणाले. काय चुकलं ते मलाही माहीत नव्हतं.

"देखा? खुद मान रही है!" शेठजींनी हात झटकले. पोवळ्यांची किंमत वसूल होईपर्यंत माझा अर्धा पगार कापायचं ठरलं. त्या पगारातून माझ्या मुलीची भंडाऱ्याची मेस चालते. ती नर्सिंग शिकते. तिला मी एका वेळचाच डबा घ्यायला सांगितलं, आणि इकडे टाकीतल्या माशांना दोन्ही वेळा खाणं पडत होतं.

दिवाळीनंतर नागपूरवाला नवी पोवळी घेऊन आला. सोडण्याआधी त्यानं पाणी तपासलं. "शेठजी, यातलं मीठ कुठं गेलं? बाहेरचं पाणी टाकलं का?"

"सिर्फ बारिश का. एकदम शुद्ध."

तो हसलाच. "म्हणूनच मेली. मी मालवणला काम केलंय. दिवसेंदिवस पाऊस कोसळला, नद्या फुगून समुद्रात आल्या की ते गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगतं. किनाऱ्याजवळच्या उथळ पोवळ्यांवर ते पसरलं की ती अशीच फुगतात, चिकट सोडतात, रंग टाकून पांढरी होतात. वरून गाळ बसतो, ऊन पोचत नाही. तिथं निदान लाटा पाणी ढवळतात, खोलवरची वाचतात. या काचेत ती जातील कुठं?"

मी पोछा घेऊन तिथेच होते. "अन् फिनाईल?"

"कसलं फिनाईल? मग हे मासे कसे पोहून राहिले? कमी मीठ मासे सोसतात, फिनाईल नाही."

शेठजींनी चेहरा पाडला. "मतलब कुदरत की मार." पूर जणू समुद्रावरून चालत त्यांच्या सोफ्यापर्यंत आला होता. तो आला गच्चीच्या पाइपातून, आणि पाइप कोणाच्या हातात होता?

"मंग माहा पगार काऊन कापला जी?" मी विचारलं.

"देखेंगे," म्हणाले. भाभीजींना एकदम चहा आठवला.

त्यांचं 'देखेंगे' मी पुष्कळ पाहिलं आहे. रविवारी पाहुणे आले. शेठजींचं "पूरे जिले में" सुरू झालं, तशी मी झाडू खाली ठेवून टाकीशेजारी जाऊन उभी राहिले.

"शेठजी, पहिली पोवळी तुम्ही पावसाच्या पाण्यात मारली. माह्या पगारातले पैसे द्या."

पाहुण्यांचे कप थांबले. एकजण खोकला. शेठजी मोठ्यानं हसले, "अरे, ये तो देना ही था!" आणि भाभीजींकडे पाहिलं. त्या आतून नोटा घेऊन आल्या, मोजून माझ्या हातावर ठेवल्या. कापलेला सगळा पगार परत आला, आणि मी कोणाची माफी मागितली नाही.