नालवाडीचे डान्स-सर

आमच्या नालवाडीतले डान्स-सर पोरांना एकही स्टेप शिकवत नाहीत. मोबाइलवर गाणं लावतात आणि खुर्चीवर मांडी घालून चिवडा खात बसतात. कुणी स्टेप विचारलीच, तर म्हणतात, "मले काऊन विचारून राह्यला? घरचे कसे हालतात ते पाहून येजो, अन् त्याचाच डान्स बसव."

"हे काय शिकवणं झालं?" असं मी चारचौघांत बोललोही होतो.

गॅदरिंगला माझी मुलगी नाचली. पोट पुढे काढून तिनं स्कूटरला किक मारली, पुन्हा मारली, मग शेजाऱ्यांकडे बघून कसनुसं हसली. सगळा मंडप टाळ्या वाजवत माझ्याकडे वळला.

नंतर सर गंभीर चेहऱ्यानं जवळ आले.

"भाऊ, उद्या स्कूटर घेऊन क्लासले येजा. ते हसणं पोट्टीले अजून जमून नाई राह्यलं."